पूर्वेचा उतार

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कर्नल हिवाळ्यात घरी होते आणि घराला त्याची सवय नव्हती. सकाळी पेपर कुणाच्या हातात पडायच्या आत तो उघडलेला असे. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मुलांच्या आईंच्या, रेडिओचा आवाज कुणीतरी कमी करून ठेवलेला असे. जिन्याच्या वळणावर एक खुर्ची येऊन बसली होती, कारण डॉक्टरांनी त्यांना जिना दोन टप्प्यांत चढायला सांगितलं होतं. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता, आणि ते दवाखान्याच्या खाटेवर असतानाच आईंनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता की पर्वतावर जाणं आता कायमचं बंद. "दिला," एवढंच ते म्हणाले होते. या माणसाने दिलेला शब्द मोडल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

त्या शनिवारी सगळे दुपारच्या जेवणाला जमले होते ते याच आनंदात. कर्नलांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, आठवडाभर राहायला आली होती. ती तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होती आणि अजूनही दार उघडून आत आली की बोलणारे गप्प होत. लेक सरकारी दवाखान्यात डॉक्टर. रात्रपाळी करून ती थेट इकडे आली होती आणि सूप पिता पिता डुलक्या काढत होती. मुलगा पुलांचा इंजिनियर. त्याची बायको, या घरची सून, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. कर्नल तिला हाक मारायचे ती "शुद्धलेखन" अशी. घरातले बाकी सगळे कर्नलांना अप्पा म्हणत. आई एरवी "अहो" म्हणत आणि राग आला की "कर्नल".

"बघा, घरात माणसं असली की टेबल कसं भरल्यासारखं दिसतं," आत्या म्हणाली. "नाहीतर दरवर्षी हा गडी तिकडे बर्फात, आणि आम्ही इकडे त्याच्या रिकाम्या खुर्चीला सूप वाढतोय."

"खुर्ची तक्रार करत नव्हती," लेक डोळे न उघडता म्हणाली. "अप्पा मीठ कमी आहे म्हणतात."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. सुनेने पाहिलं, त्यांच्या ताटातला बटाटा जसाच्या तसा होता आणि ते काट्याने त्याच्यावर आडवी रेघ ओढत होते. वर जास्त जागा, मग रेघ, मग खाली थोडी जागा. पुन्हा एकदा तीच रेघ.

"अप्पा, काय झालं?" तिने विचारलं.

त्यांनी काटा खाली ठेवला. "काही नाही. सोमवारी शर्यत आहे तिकडे. पोरांची."

तिकडे म्हणजे लष्कराच्या पर्वतशाळेत. अप्पा तिथेच स्की करायला शिकले, तिथूनच चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट असताना ऑलिंपिकला गेले, तिथेच पुढे मुख्य झाले. चौपन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावरही दर हिवाळ्यात दोन महिने ते आपणहून जायचे, पगार न घेता, नव्या जवानांना शिकवायला. ऑलिंपिकमध्ये त्यांचा नंबर अडतिसावा आला होता. पाहुणे कौतुकाने विचारत, तेव्हा ते म्हणत, "माझ्यापुढे सदतीस जण होते. मागे किती, ते बघायला वेळ झाला नाही." पण त्या उतारावर उतरताना त्यांनी काय वेग घेतला होता आणि शेवटून तिसऱ्या वळणावर एका पायावर कसे सावरले होते, ते अजूनही शाळेत शिकवत. पडले असते तर मान मोडली असती, असं त्यांचे त्या वेळचे प्रशिक्षक सांगायचे. अप्पा मात्र म्हणायचे, वळण आधीच चुकलं होतं, सावरण्यात कसलं कौतुक.

"शर्यत दरवर्षी असते," मुलगा म्हणाला.

"दरवर्षी उत्तरेच्या उतारावर असते. या वेळी वाऱ्याने तिथला बर्फ उडवून नेलाय, खडक उघडे पडलेत. म्हणून पूर्वेच्या उतारावर घेतायत. एकशे दहा पोरं."

पूर्वेचा उतार म्हणजे काय, ते या घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं. सुनेलाही लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते कळलं होतं, आणि तेही अप्पांकडून नाही, आत्याकडून.

अप्पा अठ्ठावीस वर्षांचे कॅप्टन होते. दुसऱ्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली होती आणि त्या वर्षी ते असे काही धावत होते, की पहिल्या दहांत येतील असं परक्या देशांचे लोकही लिहीत होते. विमान निघायला पाच दिवस होते. सकाळी दहा वाजता पूर्वेच्या उतारावरून अकरा जवानांची एक तुकडी आडवी चालली होती आणि उतार सुटला. बर्फाची अख्खी पाटी खाली आली. अप्पा समोरच्या धारेवर सराव करत होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. उतार अजून पुरता थांबलाही नव्हता, तेव्हा ते त्याच्या कडेने खाली झेपावले. आत्या म्हणायची, त्याने ऑलिंपिकमध्ये केली नाही तेवढी घाई त्या दिवशी केली. चार मिनिटांत ते तळाशी होते. पहिले तिघे त्यांनी एकट्याने, स्कीच्या टोकाने उकरून काढले. मग माणसं आली. सात जण जिवंत निघाले, चार गेले. शेवटच्या मुलाचा पत्ता लागत नव्हता. वरून निरोप आला, कॅप्टन, आता तुम्ही निघा, संघ वाट पाहतोय. त्यांनी उत्तर पाठवलं, एक मुलगा सापडायचा आहे. तो पाचव्या दिवशी सापडला. अप्पांनी त्याला स्वतः त्याच्या गावी पोचवलं, आणि संघाचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

त्यानंतर त्यांनी वह्या लिहायला घेतल्या. दर हिवाळ्याची एक वही, दर दिवसाची एक ओळ. किती बर्फ पडला, वारा कुठून होता, थंडी किती, खणून पाहिलं तर आतले थर कसे. ते पर्वतावर नसत तेव्हा शाळेतला कारकून फोनवर आकडे सांगे. यंदाही दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती.

"मग सांगा त्यांना," लेक आता पूर्ण जागी झाली होती. "फोन करा."

"केला. काल दोनदा, आज एकदा. मुख्य साहेब परदेशी गेलेत. कॅप्टन आहे एक, चांगला पोरगा आहे, माझ्याच हाताखाली शिकलाय. त्याच्याकडे खालच्या मैदानातल्या यंत्राचे आकडे आहेत. ते म्हणतात धोका मध्यम. सोमवारी जनरल पाहणीला येतायत. तो म्हणाला, सर, तुमच्या काळजीचं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत आहे." अप्पांनी पाण्याचा पेला सरळ केला. "फार अदबीने म्हणाला."

म्हणजे, म्हाताऱ्याच्या डोक्यातून ते गेलं नाही, असंच ना, सुनेच्या मनात आलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरही तेच होतं, फक्त त्याला ते पटलेलं दिसत होतं.

"तिथे जाऊन खड्डा खणून दाखवला, तर त्याला कळेल," अप्पा म्हणाले. "कुठे खणायचं ते फोनवर सांगता येत नाही." मग त्यांनी आईंकडे पाहिलं. "पण मी शब्द दिलाय. मी जात नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं, शुद्धलेखन."

"उत्तम," आत्या म्हणाली. "विषय संपला. सूप घ्या कुणीतरी."

आई उठल्या आणि भांडी गोळा करू लागल्या.

सून वर गेली. गेले चार महिने ती अप्पांच्या वह्या टाइप करत होती, त्यांच्या सत्तरीपर्यंत त्याचं पुस्तक करायचं म्हणून. रोज संध्याकाळी दोन पानं. त्यांचं अक्षर किड्यामुंग्यांसारखं होतं आणि जागोजागी नुसतं "सा." लिहिलेलं असे. तिने एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, सा. म्हणजे साखर. हिवाळ्याच्या तोंडाशी थोडा बर्फ पडावा आणि मग बरेच दिवस आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी राहावी, की तो तळचा बर्फ सुटा होतो, साखरेसारखा. मुठीत धरला तर वळत नाही. वर कितीही बर्फ येऊ दे, तो साखरेवरच उभा.

तिला जे हवं होतं ते शोधायला अर्धाच तास लागला, कारण चुकीचे आकडे शोधणं हाच तिचा धंदा होता आणि एकदा पाहिलेलं पान ती विसरत नसे. तीन वह्या काखेत धरून ती वळली, तर दारात नवरा.

"खाली नेऊ नकोस," तो म्हणाला.

"तू बघितलंसुद्धा नाहीस यात काय आहे."

"काय असेल ते मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय. आई वाचेल आणि हो म्हणेल." तो पलंगाच्या कडेवर बसला. "माझा वाढदिवस हिवाळ्यात येतो. एकोणतीस वाढदिवसांना तो माणूस घरी नव्हता. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही, कारण बोलायचं तरी काय? लोकांची पोरं वाचवणाऱ्या बापाला म्हणायचं काय, की माझ्या केकला या? यंदा पहिल्यांदा घरी असेल. आणि त्याच्या छातीत सात आठवड्यांची जखम आहे."

ती त्याच्याजवळ बसली. तिला त्याची बाजू घ्यायची होती. सकाळपर्यंत ती त्याच्याच बाजूला होती. तिने पहिली वही उघडली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"तू इंजिनियर आहेस. मला वाचून सांग, मी चुकत असेन तर. पहिला बर्फ लवकर आणि थोडा. मग तीन आठवडे मोकळं आभाळ. मग दोन दिवस जोरात बर्फ, वारा पश्चिमेचा. चाळीस वर्षांत असं तीनदाच झालंय. तिन्ही वेळा पूर्वेचा उतार सुटला. एकदा तिसऱ्या दिवशी, एकदा पाचव्या, एकदा सहाव्या. तेव्हा उतार बंद होता, म्हणून कुणी मेलं नाही. बंद का होता, ते तुला माहीत आहे."

"आणि यंदा?"

"यंदाही तेच. वादळ गुरुवारी थांबलं. सोमवार चौथा दिवस."

त्याने तिन्ही पानं दोनदा वाचली. मग वही मिटून तिच्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड केलं. "ने," तो म्हणाला. "पण मी ने म्हणालो असं सांगू नकोस."

खाली सगळे अजून टेबलाशीच होते. सुनेने वह्या आईंसमोर उघडून ठेवल्या आणि आत्ता वर जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, फक्त जरा हळू. लेकीने तोंडावर हात ठेवला. आत्या म्हणाली, "अगं, वह्यांतलं काय घेऊन बसलीस, त्याच्या हृदयाचं काय?" पण तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता.

आईंनी चष्मा लावला. बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ वाचली. त्यांना घाई नव्हती. या बाईने चाळीस हिवाळे या माणसाच्या पत्रांवर काढले होते, पाईप गोठले तेव्हा एकटीने दुरुस्त करून घेतले होते, दोन्ही मुलांचे गोवर एकटीने निभावले होते.

"तो शेवटचा मुलगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला घरी पोचवलंत तेव्हा त्याच्या आईने काय विचारलं होतं?"

"तिने विचारलं, तिथे धोका आहे हे कुणालाच माहीत नव्हतं का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नव्हतं, म्हणालो. खरं तेच होतं."

आईंनी चष्मा काढला. "आता तसं म्हणता येणार नाही."

"नाही."

"मग तुम्ही दिलेला शब्द मी परत करते. तीन दिवसांसाठी. मोजून तीन, कर्नल." त्या उठल्या. "आणि मी येणार. चाळीस वर्षं मी तो डोंगर फोटोत बघतेय."

मग मात्र घरात एकच धांदल उडाली. लेक म्हणाली, माझी बॅग आणि रक्तदाबाचं यंत्र गाडीत असेल तरच गाडी हलेल, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. अप्पा म्हणाले, होय डॉक्टर. आत्या म्हणाली की सगळ्यांना वेड लागलंय आणि प्रवासासाठी पाव कापायला बसली. गाडी कोण चालवणार असा प्रश्न निघाला, तेव्हा जिन्यावरून मुलगा उतरला. त्याच्या अंगात जाड कोट होता आणि हातात किल्ली.

"पाच तास लागतील," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "चारला निघालो तर नऊला पोचू."

रविवारची सकाळ इतकी लख्ख होती की सुनेला आपण उगाच आलो असं वाटलं. शाळेच्या विश्रामगृहासमोर अख्खा पूर्वेचा उतार पसरला होता. एक ओरखडा नाही, इस्त्री केल्यासारखा. कॅप्टन तिशीचा असेल, गोरा, उन्हाने नाकाची साल गेलेली. त्याने अप्पांना सॅल्यूट केला आणि आईंना खुर्ची दिली.

"सर, तुम्ही यायला नको होतं. तब्येत..."

"आलोय आता. एक तास दे मला. फावडं घे आणि लोकरी हातमोजे. तासाभरात मी काही दाखवू शकलो नाही, तर तुझ्या शर्यतीत झेंडा घेऊन मी उभा राहीन."

दोरीच्या पाळण्यातून ते वरच्या टप्प्यावर गेले. तिथे लेकीने बाकावर बसवून अप्पांची नाडी पाहिली, यंत्राचा पट्टा दंडाला बांधला आणि आकडा दोनदा पाहिला. "दोनशे पावलं," ती शेवटी म्हणाली. "सपाटीवर. चढ नाही. परत येताना दर पन्नासला थांबायचं."

"चालत नाही जाता येत तिथे. बुडेन," अप्पा म्हणाले. "स्की लावाव्या लागतील."

लेकीने भावाकडे पाहिलं. त्याने खाली वाकून बापाच्या बुटांचे आकडे स्वतः लावले. अप्पा उभे राहिले. जिन्यात मधेच खुर्चीवर टेकणारा माणूस तो नव्हताच. गुडघे जरासे मोडले, खांदे सैल सुटले आणि ते निघाले. जोर नाही, आवाज नाही, पाणी ओतावं तसे ते बर्फावरून पुढे गेले. कॅप्टन दोर बांधून मागे होता, तरणाताठा, आणि तरी त्याच्याकडे बघताना कष्ट दिसत होते. सून कठड्याला धरून उभी होती. अडतिसावा नंबर म्हणजे काय, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. जगातली फक्त सदतीस माणसं एके दिवशी याहून चांगली होती.

एका काळ्या खडकाच्या आडोशाला ते थांबले. वरून काही आलं तर तो खडक त्याला दुभागेल अशी ती जागा होती. सबंध उतारावर खणायला सुरक्षित अशी ती एकच, आणि ती त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होती. त्यांनी काठीने चौकोन आखला. कॅप्टन खणू लागला. आवाज वरच्या टप्प्यापर्यंत स्पष्ट येत होता.

"आणखी. जमीन लागेपर्यंत. आता ही भिंत सरळ कर. हात घाल इथे, सगळ्यात खाली. काय लागतं?"

कॅप्टनने मूठ बाहेर काढली. उघडली. बर्फ त्याच्या बोटांतून खाली ओघळला.

"आता हा खांब मोकळा काप. तीन बाजूंनी. वर फावडं ठेव. मनगटातून टिचक्या मार, हलक्या. दाराची कडी वाजवतोस तशा."

एक. दोन. तिसऱ्या टिचकीला अख्खा खांब तळापासून निसटला आणि एकसंध कॅप्टनच्या मांडीवर येऊन पडला. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्याने वर, त्या इस्त्री केलेल्या उताराकडे पाहिलं.

परत येताना अप्पा दर पन्नास पावलांना थांबले. बाकावर टेकल्यावर ओठ जरा निळे दिसत होते. लेकीने जिभेखाली गोळी दिली आणि मनगट सोडलं नाही. कॅप्टन समोर उभा होता.

"सर, जनरलसाहेबांना मी काय सांगू?"

"मी सांगितलं म्हणून नको सांगूस. तुला काय दिसलं ते सांग."

शर्यत रद्द झाली. उतारावर जायला सगळ्यांना बंदी झाली. संध्याकाळी ते घरी निघाले तेव्हा जेवणघराच्या पायऱ्यांवर बसलेले जवान नाराजीने गाडीकडे बघत होते. महिनाभर त्यांनी त्या शर्यतीची तयारी केली होती.

आणि सोमवारी काहीच झालं नाही. दिवसभर ऊन. उतार जागच्या जागी. दुपारी कॅप्टनचा फोन आला. जनरल आले, त्यांनी दुर्बिणीतून उतार पाहिला, बर्फ पाहिला, आणि सगळ्यांसमोर विचारलं की लष्कर आता निवृत्त माणसांच्या भीतीवर चालणार का. कॅप्टनने हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. विचारल्यावर सांगितलं. अप्पांनी लगेच टेबलाशी बसून जनरलना पत्र लिहिलं, की निर्णय योग्य होता आणि त्याचा दोष द्यायचाच तर मला द्यावा.

रात्रीच्या जेवणाला आत्याने सुस्कारा सोडला. "एवढं सगळं करून शेवटी काय? बिचाऱ्या पोरावर बोलणी खायची वेळ आली. भाऊ, चूक होते माणसाची. वय झालं की आणखी होते."

अप्पा उत्तर द्यायच्या आत मुलगा बोलला.

"आत्या, मागच्या वर्षी मी नदीवरचा जुना पूल बंद केला. आठ महिने लोक मला शिव्या देत होते, कारण पूल पडला नाही. मी तो पडावा म्हणून बंद केला नव्हता. खांबाला तडा होता म्हणून केला होता. तडा मी हाताने चाचपला होता." त्याने पाव मोडला. "काल मी कठड्याशी होतो. तो खांब निसटलेला मी बघितलाय. उतार आज सुटो, उद्या सुटो, कधीच न सुटो. अप्पा बरोबर होते."

अप्पा मुलाकडे बघत राहिले. बापलेकांत असं बोलणं या टेबलावर आजवर झालं नव्हतं आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी अप्पांनी मीठदाणी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घेतली, सुपात मीठ टाकलं, गरज नसताना.

"त्या पुलाचं पुढे काय केलंस?" अप्पांनी विचारलं. मग जेवण संपेपर्यंत ते दोघे खांब आणि पाया यांवरच बोलत बसले. आई मध्येमध्ये दोघांच्या वाट्यांत सूप ओतत राहिल्या आणि कुणाला नको म्हणायचं भान नव्हतं.

मंगळवारी सून छापखान्यात गेली नाही. गेली असती तरी मुद्रितात लक्ष लागलं नसतं. साडेबाराच्या सुमाराला सगळे टेबलाशी बसत होते. लेक दवाखान्यातून अप्पांचं रक्त घ्यायला आली होती आणि त्यांची बाही वर करून समोर बसली होती. फोन वाजला. अप्पांनी मोकळ्या हाताने तो उचलला.

ते ऐकत राहिले. "किती वाजता?" त्यांनी विचारलं. मग, "कुठपर्यंत आला?" लेकीने सुई काढून कापूस दाबून धरला.

"कोणी होतं का?" अप्पांनी विचारलं.

पलीकडचं उत्तर सुनेला ऐकू आलं नाही. तिने फक्त अप्पांचा चेहरा पाहिला. त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मग फोन आईंच्या हातात दिला.

आईंनी तो कानाला लावला. "हॅलो? हो, मीच बोलतेय." पलीकडून कॅप्टन बोलत होता आणि त्याचा आवाज आता सगळ्यांना येत होता, कारण तो मोठ्याने बोलत होता, मागच्या गोंगाटावर मात करायला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुटला, बाई. वरच्या धारेपासून. शर्यतीची सगळी वाट गाडली गेली, शेवटच्या झेंड्याच्याही पुढे गेला. उतारावर कुणीही नव्हतं. जनरलसाहेबांचा फोन येऊन गेला, त्यांना कर्नलसाहेबांशी बोलायचं आहे, पण मी म्हटलं आधी घरी कळवतो.

"तुम्ही कुठून बोलताय?" आईंनी विचारलं. "फार आवाज येतोय."

"जेवणघरातून, बाई. पोरं जेवायला बसलीत. सगळी."

फोन कानाला तसाच धरून आई उभ्या राहिल्या. ताटं आपटल्याचा, बाक सरकवल्याचा, कुणीतरी कुणाला पाव फेकून मारल्याचा आणि एकशे दहा जणांनी एकाच वेळी बोलल्याचा तो सगळा कालवा त्या ऐकत होत्या.

"ठेवू का, बाई?" कॅप्टनने विचारलं.

"नको," आई म्हणाल्या. "राहू दे जरा वेळ."